लेखक म्हणजे नुसतं नाव नाही: डिजिटल लायब्ररीचा कॅटलॉग लिंक्ड डेटात कसा आणायचा

बहुतेक डिजिटल लायब्रऱ्यांच्या डेटाबेसमध्ये 'लेखक' नावाचा एक कॉलम असतो आणि त्यात मजकूर भरलेला असतो, बस. कुणी 'गडकरी, राम गणेश' टाइप केलंय, कुणी 'रा. ग. गडकरी', कुणी मधल्या स्पेस खाऊन 'रा.ग.गडकरी', कवितासंग्रहाच्या नोंदीत 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखांच्या नोंदीत 'बाळकराम'. माणूस एकच, पण मशीनच्या लेखी हे पाच जण आहेत, आणि वाचकाने गडकरी शोधले की नाटकं सापडतात, वाग्वैजयंती सापडत नाही.

प्रॉब्लेम जुनाच आहे आणि त्यावरचा उपायही जुना आहे. कार्ड कॅटलॉगच्या खणात 'गोविंदाग्रज, पाहा: गडकरी' असं एक कार्ड असायचं. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अवराम यांनी मार्क, म्हणजे कॅटलॉगच्या नोंदी मशीनला वाचता येतील असा फॉरमॅट उभा केला, त्या मार्कच्या घराण्यात लेखकासाठी वेगळं ऑथॉरिटी रेकॉर्ड, म्हणजे त्या माणसाची सगळी नावं एकत्र ठेवणारी नोंद, आलं, त्यात ४०० नंबरच्या फील्डमध्ये 'पाहा' आणि ५०० मध्ये 'हेही पाहा'. म्हणजे लायब्ररीवाल्यांना नाव आणि माणूस यातला फरक कधीपासूनच माहीत आहे, फक्त ते ज्ञान लायब्ररीच्या आतच अडकून राहिलं. लिंक्ड डेटा म्हणजे त्या माणसाला वेबवर स्वतःचा पत्ता देणं, म्हणजे दुसरी कुठलीही लायब्ररी, विकिडेटा (विकिपीडियाच्याच घरातला खुला डेटाबेस), कुणाचंही ॲप त्याच्याकडे बोट दाखवू शकतं. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये याचे चार साधे नियम लिहिले: वस्तूंना यूआरआय, म्हणजे वेबवरचा पत्ता, द्या, ते एचटीटीपीवर उघडणारे असू द्या, उघडल्यावर कामाची माहिती मिळू द्या, आणि त्या माहितीत दुसऱ्या यूआरआयचे दुवे असू द्या. माहिती लिहायची ती तीन तुकड्यांत, म्हणजे ट्रिपलमध्ये: 'एकच प्याला' – लेखक – राम गणेश गडकरी. बाकी सगळी रचना यावरच उभी आहे.

कोड इथे देत नाहीये. सॉफ्टवेअर म्हणून डीस्पेस वापरा, कोहा वापरा, ओमेका एस वापरा नाहीतर स्वतःचं काही लिहा, गाडी कोडपाशी अडत नाही, ती अडते 'ही दोन नावं एकाच माणसाची का' इथे आणि 'हे मी कुठल्या वस्तूला चिकटवू' इथे.

आधी वस्तू वेगळ्या करा

एका कॅटलॉग नोंदीत खरं तर चार-पाच वस्तूंची माहिती एकत्र कोंबलेली असते. ती सोडवायची रीत आयएफएलए या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये एफआरबीआर नावाने दिली: वर्क म्हणजे कृती, एक्स्प्रेशन म्हणजे त्या कृतीचं एखादं रूप, जसं मूळ संहिता किंवा भाषांतर, मॅनिफेस्टेशन म्हणजे छापलेली आवृत्ती, आणि आयटम म्हणजे कपाटातली एक प्रत. २०१७ मध्ये हेच सुधारून एलआरएम नावाने आलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून मार्कच्या जागी लिंक्ड डेटासाठीचं बिबफ्रेम हे मॉडेल करायला घेतलं, त्याची २.० आवृत्ती २०१६ ची, आणि त्यात तीनच मजले आहेत: वर्क, इन्स्टन्स (म्हणजे छापील किंवा डिजिटल आवृत्ती), आयटम. भाषांतर एफआरबीआरमध्ये त्याच वर्कचं एक्स्प्रेशन असतं, बिबफ्रेममध्ये ते वेगळं वर्क असतं आणि मूळ वर्कशी 'याचं भाषांतर' अशा दुव्याने जोडलेलं असतं.

माझं मत विचाराल तर छोट्या आणि मध्यम लायब्ररीने तीन मजल्यांवरच थांबावं. एक्स्प्रेशन ही कल्पना बरोबरच आहे, पण ती रोज भरायला लागली की दोन कॅटलॉगर दोन तऱ्हेने भरतात आणि सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही की 'संपादित आवृत्ती' हे एक्स्प्रेशन धरलंय की मॅनिफेस्टेशन.

डिजिटल लायब्ररीत इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे स्कॅनचं काय. स्कॅन केलेली पीडीएफ ही छापील आवृत्तीची 'प्रत' म्हणून आयटमखाली टाकायचा मोह होतो, पण तसं करू नका, ती वेगळं इन्स्टन्स आहे: तिची तारीख वेगळी, ती तयार करणारी संस्था वेगळी, फॉरमॅट वेगळा, हक्क वेगळे असू शकतात. वर्क एकच, त्याखाली छापील इन्स्टन्स आणि डिजिटल इन्स्टन्स, आणि दुसरं पहिल्याचं रिप्रॉडक्शन आहे असा दुवा. हे नाही केलं तर 'प्रकाशन वर्ष' या फील्डमध्ये निम्म्या नोंदींत छपाईचं वर्ष आणि निम्म्यांत स्कॅनिंगचं वर्ष येतं, आणि मग त्या फील्डवर काहीही सॉर्ट करता येत नाही.

एकदा मजले ठरले की माणसं कुठे चिकटवायची ते आपोआप सुटतं. लेखक वर्कला. भाषांतरकार भाषांतराला. मुखपृष्ठाचा चित्रकार आणि प्रकाशक त्या आवृत्तीला. पुस्तकावर कुणाची सही असेल, कुणी भेट दिलं असेल, तर ते त्या एका प्रतीला.

पत्ता कसा द्यायचा

लेखकाचा यूआरआय तुमच्या स्वतःच्या डोमेनवर असावा आणि त्यात नाव नसावं. शेवटी एक अर्थहीन नंबर, बास. नाव घातलं तर पहिल्याच आठवड्यात समान नावाचा दुसरा लेखक येतो, किंवा लेखिका नाव बदलते, किंवा नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघतं, आणि मग पत्ता बदलावा लागतो, आणि पत्ता बदलला की ज्यांनी ज्यांनी लिंक केली होती त्यांची लिंक तुटते. तसंच पत्त्यात सॉफ्टवेअरचं नाव, फाइलचं एक्स्टेन्शन, विभागाचं नाव नको, कारण यातली प्रत्येक गोष्ट पाच-दहा वर्षांत बदलते. संस्थेचं डोमेनच टिकेल याची खात्री नसेल तर एआरके सारखे परमनंट आयडेंटिफायर किंवा डब्ल्यू३आयडी सारखी रीडायरेक्ट सेवा वापरता येते.

आता एक बारीक गोष्ट, जी वाचताना कीस काढल्यासारखी वाटते पण नंतर फार वाचवते. माणसाचा पत्ता वेगळा आणि त्या माणसाबद्दलच्या नोंदीचा पत्ता वेगळा. गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा, पण त्यांच्याबद्दलची नोंद तुम्ही परवा तयार केली. दोन्हींना एकच यूआरआय दिला तर 'तयार झाल्याची तारीख' कुणाची? नोंद सीसी झीरो लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही मुक्तपणे वापरता येईल अशी, आहे म्हणताना माणूस सीसी झीरो लायसन्सखाली आहे असं म्हटलं जातं. यावर वेबच्या मंडळींमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले आणि २००५ मध्ये वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या एका गटाने तोडगा दिला: माणसाचा यूआरआय मागितला की सर्व्हरने ३०३, म्हणजे 'दुसरीकडे बघा' असा कोड देऊन नोंदीच्या पानाकडे पाठवायचं. दुसरा मार्ग हॅशचा, नोंदीच्या पत्त्याला शेवटी हॅश आणि एखादा शब्द जोडला की तो माणसाचा पत्ता. सर्व्हरच्या सेटिंगशी खेळायला माणूस नसेल तर सरळ हॅश वापरा.

नावं: इथे वेळ द्या

माणसाच्या नोडला, म्हणजे डेटातल्या त्याच्या बिंदूला, नावं जोडायची ती लेबल म्हणून, आणि त्यासाठी स्कॉस या व्होकॅब्युलरीतले (म्हणजे ठरलेल्या प्रॉपर्टींच्या यादीतले) तीन प्रकार पुरतात. प्रेफलेबल म्हणजे स्क्रीनवर दाखवायचं नाव, एका भाषेत एकच. आल्टलेबल म्हणजे बाकीची खरी नावं: टोपणनावं, आद्याक्षरांची रूपं, लग्नाआधीचं नाव. आणि हिडनलेबल, जो फारसा कुणी वापरत नाही पण अफाट कामाचा आहे: चुकीची स्पेलिंग्ज. ती वाचकाला दिसत नाहीत, पण सर्चला सापडतात. प्रत्येक लेबलला भाषेचा टॅग लावा, आणि मराठी नाव रोमन लिपीत लिहिलं असेल तर टॅगमध्ये लिपीसुद्धा सांगा, नाहीतर मशीन त्याला इंग्रजी नाव समजतं.

देवनागरीत एक वेगळाच सापळा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. 'गोऱ्हे' हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर अधिक हलंत, दुसरं म्हणजे साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे, पण कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी आडनावं. तसंच ॲ चं: एक सुटं अक्षर आहे जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहीत होते. 'युनिकोड नॉर्मलायझेशन चालवा, एनएफसी करा' म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणा, असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो चालवाच, पण त्याने या दोन गोष्टी जुळत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ही रूपं समान नाहीतच. स्वतःचा नियम लिहावा लागतो. आणि तो लिहितानाही क्रम सांभाळा: आधी र-हलंत-जॉइनर याचं ऱ-हलंत करा, मग उरलेले जॉइनर काढा. उलटं केलंत तर अर्ध्या र चा रफार होतो आणि आडनावच बदलतं. शिवाय पंडित आणि पण्डित, आद्याक्षरांनंतरचे टिंब आणि स्पेस, हे सगळं याच खात्यात.

हे सगळं नॉर्मलायझेशन फक्त तुलना करण्यासाठीच्या एका वेगळ्या 'की'वर, म्हणजे फक्त मशीनने वापरायच्या रूपावर करायचं. पुस्तकावर जसं छापलंय ते मूळ रूप बदलायचं नाही. मार्कमध्ये २४५ फील्डच्या सी सबफील्डमध्ये जे 'अमुक यांनी लिहिलेले, तमुक यांची प्रस्तावना' असं लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं शब्द न शब्द ठेवा, पुढे वाद झाला की तोच पुरावा असतो.

तारखांचंही असंच. जुन्या नोंदींत वर्षं देवनागरी आकड्यांत टाइप केलेली असतील तर ती दाखवायला छान आहेत, पण आरडीएफमध्ये, म्हणजे ट्रिपल लिहायच्या वेबच्या पद्धतीत, तारखेचा जो डेटाटाइप आहे त्याला इंग्रजी आकडेच लागतात, देवनागरी १८८५ त्याला तारीख वाटतच नाही. मशीनसाठी एक रूप आणि डोळ्यांसाठी दुसरं, असे दोन्ही ठेवा. 'सुमारे १८५०' किंवा 'अठराशे पन्नासच्या दशकात' असल्या तारखांसाठी ईडीटीएफ नावाची पद्धत आहे, ती २०१९ पासून आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात आहे: अंदाजे असेल तर वर्षापुढे टिल्ड, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, शेवटचा आकडा माहीत नसेल तर त्याजागी एक्स. 'माहीत नाही' हे लिहिण्यासाठी ०१ जानेवारी टाकणाऱ्यांचा डेटा मी पाहिलाय, अर्धे लेखक एकाच दिवशी जन्मलेले.

टोपणनाव: एक माणूस की दोन?

इथे परंपरा दोन आहेत आणि दोन्ही शहाण्या आहेत. एक म्हणते की गोविंदाग्रज ही स्वतंत्र लेखन-ओळख आहे, तिचं वेगळं ऑथॉरिटी रेकॉर्ड करा आणि ५०० च्या 'हेही पाहा' ने गडकऱ्यांशी जोडा. अँग्लो-अमेरिकन कॅटलॉगिंगमध्ये बराच काळ हेच चालत आलंय. दुसरी म्हणते, आणि एलआरएम इथेच आहे, की पर्सन म्हणजे हाडामांसाचा खरा माणूस, आणि टोपणनाव हे फक्त त्याचं एक नाव, ज्याला एलआरएममध्ये नोमेन म्हणतात.

मी सांगेन माणसाचा नोड एकच ठेवा, पण कुठलं पुस्तक कुठल्या नावाने आलं ही माहिती हरवू देऊ नका. ती कुठे ठेवायची ते पुढच्या भागात. असं केलं की 'गडकऱ्यांचं सगळं दाखव' आणि 'फक्त बाळकराम नावाने आलेलं दाखव' हे दोन्ही प्रश्न विचारता येतात, आणि वाचक खरोखर दोन्ही विचारतात. एकच अपवाद: टोपणनावामागे दोन-तीन जण मिळून लिहीत असतील, किंवा प्रकाशन संस्थेचं घरगुती नाव असेल जे दरवेळी वेगळाच लेखक वापरतो, तर तो एक माणूस नाहीच, त्याला वेगळा एजंट (म्हणजे काम करणारी व्यक्ती किंवा गट) नोड द्या आणि माहीत असलेले सदस्य जोडा.

कुणी काय केलं: मधला नोड घाला

साधा ट्रिपल, म्हणजे वर्क – लेखक – माणूस, हा पहिल्या दिवशी पुरतो आणि दुसऱ्या दिवशी कमी पडतो. 'एकच प्याला' चंच बघा. नाटक गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. दोघांना नुसतं 'लेखक' म्हणून जोडलं तर गुर्जर सहनाटककार होतात, आणि गुर्जरांना गाळलं तर 'कशि या त्यजू पदाला' शोधणाऱ्याला गीतकाराचं नाव मिळत नाही.

म्हणून वर्क आणि माणूस यांच्यामध्ये एक छोटा नोड घालायचा. बिबफ्रेम त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतं. त्या नोडला चार गोष्टी जोडा:

- एजंट, म्हणजे माणसाचा यूआरआय
- भूमिका, म्हणजे लेखक, गीतकार, भाषांतरकार वगैरे, आणि तीही मजकूर म्हणून नाही तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रिलेटर यादीतला यूआरआय
- पुस्तकावर छापलेलं नाव, जसंच्या तसं
- क्रमांक, म्हणजे पहिला लेखक, दुसरा लेखक

शेवटची गोष्ट लोक विसरतातच. आरडीएफमध्ये ट्रिपलना क्रम नसतो, तुम्ही तीन लेखक ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने ते परत येतील याची काहीही हमी नाही, आज बरोबर आले म्हणजे उद्या येतील असं नाही. आणि शोधनिबंधांच्या बाबतीत लेखकांचा क्रम ही भांडणं होण्याइतकी महत्त्वाची गोष्ट आहे. विकिडेटा हेच क्वालिफायरने करतं: लेखक हा पी५०, त्याला क्रमांकासाठी पी१५४५ आणि छापील नावासाठी पी१९३२.

बिबफ्रेममध्ये हा मधला नोड तयार मिळतो. तुमच्या सिस्टिममध्ये मधला नोड ठेवायची सोयच नसेल, तर निदान भूमिकेनुसार वेगवेगळ्या प्रॉपर्टी वापरा आणि छापील नावांची पूर्ण ओळ एका मजकूर फील्डमध्ये ठेवा. ते परिपूर्ण नाही, पण नंतर त्यातून मधले नोड तयार करता येतात. नुसत्या 'लेखक' ट्रिपलमधून ते करता येत नाहीत.

जुळवाजुळव: खरं काम हेच

आता तुमच्या कॉलममधली सगळी नावं बाहेर काढा आणि ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. फुकट आहे, स्वतःच्या मशीनवर चालतं. आधी क्लस्टरिंग: फिंगरप्रिंट पद्धत नावातले शब्द सुटे करून वर्णानुक्रमे लावते, म्हणून 'गडकरी, राम गणेश' आणि 'राम गणेश गडकरी' एकत्र येतात. आद्याक्षरांची रूपं त्यात येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. मग रीकन्सिलिएशन: विकिडेटाशी जोडून प्रत्येक नावाला संभाव्य माणसं आणि त्यांचे गुण मिळतात.

ते गुण बघून 'नव्वदच्या वरचे सगळे ओके' असं बटण दाबू नका. नाव शंभर टक्के जुळणं हा पुरावा नाहीच, नाव जुळतंय म्हणून तर आपण तपासतोय. नावाबाहेरचे दोन पुरावे मागा: जन्मवर्ष, विषय, प्रकाशक, काळ, सहलेखक, संस्था, यातलं काहीही, पण दोन आणि एकमेकांपासून स्वतंत्र. जन्मवर्ष विकिडेटावरून उचलून आपल्याच नोंदीत घातलं होतं आणि आता तेच विकिडेटाशी जुळतंय म्हणून खूश व्हायचं, तर तो पुरावा नव्हे, तो आरसा आहे.

मग तीन ढीग होतात. नक्की जुळले, त्यांना माणसाचा यूआरआय द्या. नक्की वेगळे, त्यांना नवा यूआरआय. आणि मधला 'कळत नाही' चा ढीग, जो नेहमी वाटतं त्यापेक्षा मोठा असतो. त्या ढिगाला हात लावायची घाई करायची नाही. विकिडेटाने यासाठी पी२०९३ ही वेगळी प्रॉपर्टीच ठेवलीय, 'लेखकाचं नाव, मजकूर म्हणून', माणूस कोण ते कळेपर्यंत नाव तिथे थांबतं. तुमच्याकडेही अशी जागा करा. कॉन्ट्रिब्युशन नोडमध्ये छापील नाव भरलेलं आणि एजंट रिकामा, ही पूर्णपणे वैध नोंद आहे.

कारण असं आहे की चुकून दोन वेगळे राहिलेले नोड नंतर जोडणं हे पाच मिनिटांचं काम, पण चुकून एकत्र केलेली दोन माणसं वेगळी करायची तर प्रत्येक पुस्तक पुन्हा उघडून बघावं लागतं की हे कुणाचं होतं. आणि तोवर तो चुकीचा जोड दुसऱ्या चार ठिकाणी कॉपी झालेला असतो. शंका असेल तर जोडू नका. कोणी जोडलं, कधी, कुठल्या पुराव्यावर, हे एका ओळीत लिहून ठेवा, त्यासाठी भारी मॉडेल नको, एक नोट फील्डसुद्धा चालेल.

सुरुवात कुठून करायची तर ज्या लेखकांची पुस्तकं तुमच्याकडे सगळ्यात जास्त आहेत त्यांच्यापासून. वरचे थोडेच लेखक कॅटलॉगचा मोठा भाग व्यापतात, ते झाले की सर्चमधला फरक लगेच दिसतो आणि वरिष्ठांना दाखवायलाही काहीतरी होतं.

मार्कमधून येणार असाल तर क्रम लक्षात ठेवा: आधी ऑथॉरिटी फाइल बदला, तिच्यातून माणसांचे यूआरआय तयार होऊ द्या, मगच पुस्तकांच्या नोंदी. उलटं केलं तर कन्व्हर्टर प्रत्येक १०० आणि ७०० फील्डसाठी, म्हणजे लेखक आणि इतर सहभागी माणसांच्या फील्डसाठी, नवा माणूस जन्माला घालतो. मार्कमध्ये या फील्डना शून्य आणि एक असे दोन सबफील्ड असतात: शून्यमध्ये ऑथॉरिटी रेकॉर्डचा आयडी, एकमध्ये प्रत्यक्ष माणसाचा यूआरआय. वर नोंद आणि माणूस वेगळे ठेवा म्हटलं ते इथे मार्कनेही मान्य केलंय.

बाहेरचे दुवे

कुठले आयडी जोडायचे? व्हीआयएएफ, कारण त्यात अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या ऑथॉरिटी फाइल एकत्र येतात. पण ते क्लस्टर बरेचसे प्रोग्रामने बनतात, फुटतात, एकमेकांत विलीन होतात, त्यामुळे तो आयडी अधूनमधून तपासावा लागतो. आयएसएनआय हा सोळा अंकांचा आयएसओ क्रमांक आहे, शेवटचा अंक चेकसाठी आणि तो कधी एक्स असतो, म्हणून तो नंबर फील्डमध्ये ठेवू नका, मजकूर म्हणून ठेवा. ऑर्किड २०१२ मध्ये सुरू झालं, दिसायला तसंच, पण ते संशोधक स्वतः काढतात, त्यामुळे दिवंगत नाटककाराचा ऑर्किड शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि विकिडेटा, जिथे हे बाकीचे सगळे आयडी एका पानावर मिळतात.

जोडताना ओडब्ल्यूएल या व्होकॅब्युलरीमधलं सेमॲज वापरायची सवय फार पसरलीय. त्याचा अर्थ 'संबंधित पान' असा नाही, त्याचा अर्थ ही एकच वस्तू, एकीबद्दल खरं ते सगळं दुसरीबद्दलही खरं. आणि तो पुढे पुढे सरकतो: क म्हणजे ख, ख म्हणजे ग, तर क म्हणजे ग. बाहेरच्या कुणी गोविंदाग्रज ही वेगळी ओळख धरलीय आणि तुम्ही ती सेमॲजने गडकऱ्यांच्या नोडला चिकटवली, तर तर्क चालवणारं सॉफ्टवेअर दोन्हींकडचं सगळं एकमेकांत ओततं. शंभर टक्के खात्री नसेल तर स्कॉसचं क्लोजमॅच वापरा, ते मुद्दामच पुढे सरकत नाही.

व्होकॅब्युलरी स्वतःच्या शोधू नका, एवढंच सांगतो. आत एकच मॉडेल ठेवा, बिबफ्रेम असो की दुसरं काही, आणि बाहेर देताना त्यातून बाकीची रूपं तयार करा: सर्च इंजिनसाठी स्कीमा डॉट ऑर्ग, इतर रिपॉझिटरींसाठी डब्लिन कोर. डब्लिन कोरमध्ये क्रिएटर दोन आहेत हे लक्षात असू द्या: जुन्या पंधरा एलिमेंटमधल्या क्रिएटरमध्ये नुसतं नाव चालतं, नव्या टर्म्समधल्या क्रिएटरमध्ये एजंट अपेक्षित आहे.

तपासा, मग उघडा

शॅकल नावाचं डब्ल्यू३सीचं स्टँडर्ड आहे, २०१७ चं, त्यात नियम लिहून डेटा तपासता येतो. हे नियम तरी असू द्या: प्रत्येक माणसाला निदान एक लेबल, एका भाषेत एकच प्रेफलेबल, जन्म मृत्यूच्या आधी, प्रत्येक कॉन्ट्रिब्युशनला एजंट किंवा छापील नाव यापैकी एक तरी.

पण खरी मजा स्पार्कल (आरडीएफ डेटाला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरींमध्ये आहे, कारण त्या अशा गोष्टी पकडतात ज्या नियमाने चूक नसतात पण अशक्य असतात. ज्या लेखकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पुस्तकात शंभर वर्षांचं अंतर आहे ते बाहेर काढा, तिथे आजोबा आणि नातू एक झालेले असतात, नाहीतर पुनर्मुद्रणाचं वर्ष वर्कला चिकटलेलं असतं. जन्माआधी प्रकाशित झालेली पुस्तकं. एकाच वर्कवर दोनदा आलेला तोच माणूस. ज्याच्या पुस्तकांचे विषय शस्त्रक्रिया, बालगीतं आणि जमीन महसूल असे आहेत तो लेखक एकदा डोळ्यांनी बघा, असा अष्टपैलू माणूस असूही शकतो, पण बहुधा ते तिघे असतात.

उघडताना स्पार्कल एंडपॉइंट, म्हणजे बाहेरच्यांना क्वेरी चालवता येईल अशी जागा, हवाच असं नाही. ते चालू ठेवायला सर्व्हर आणि माणूस दोन्ही लागतात आणि कुणाची तरी एक भली मोठी क्वेरी ते झोपवते. प्रत्येक लेखकाच्या पानात जेसन-एलडी, म्हणजे मशीनसाठीचा लिंक्ड डेटा, घाला, महिन्याला एक पूर्ण डंप, म्हणजे सगळा डेटा एकत्र डाउनलोडला, ठेवा, लायसन्स स्पष्ट लिहा, सीसी झीरो शक्य असेल तर उत्तम. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०११ पासून अशी लेखकांची आणि कृतींची पानं उघडली आहेत, आणि स्वीडनचा लिब्रिस कॅटलॉग २०१८ पासून आतूनच लिंक्ड डेटावर चालतो, म्हणजे तिथे मार्क हे एक्स्पोर्टचं रूप आहे. मॉडेल करण्याआधी त्यांची दहा-वीस पानं नीट बघा, फुकटात बरंच शिकायला मिळतं.

दोन नोड जोडले की जुना पत्ता मारू नका, त्याला ३०१ (कायमचं स्थलांतर) कोड देऊन नव्याकडे पाठवा. एक नोड फोडून दोन केलेत तर मात्र जुना पत्ता दोघांपैकी कुणालाही देऊ नका, कारण बाहेरच्यांनी तो कुठल्या माणसासाठी वापरला होता हे तुम्हाला माहीत नाही. दोघांना नवे नंबर द्या आणि जुन्या पत्त्यावर 'ही नोंद विभागली आहे' असं सांगून दोन्ही दुवे ठेवा.

हयात लेखकांबद्दल वेगळा नियम ठेवा. कॅटलॉगला जन्माचं वर्ष पुरतं, पूर्ण तारीख उघड करायची गरज नसते, घराचा पत्ता किंवा ईमेल तर नाहीच. आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या हयात माणसाचं खरं नाव तुम्हाला कामाच्या निमित्ताने कळलं असेल, पण ते त्याने स्वतः कुठे जाहीर केलेलं नसेल, तर टोपणनावाचा नोड तसाच स्वतंत्र राहू द्या, भले वर मी एकच नोड ठेवा म्हटलं असेल. डंप एकदा बाहेर गेला की त्याच्या प्रती तुमच्या हातात राहत नाहीत, तेव्हा हयात लेखकांची यादी पहिल्या डंपच्या आधीच एका माणसाने ओळ न ओळ वाचायची.